यादीतली अकरावी ओळ : मूरच्या टोर्नेडोनंतरच्या कामाच्या नोंदी

आधी थोडं सांगून ठेवते. नवरा तेव्हा अमेरिकन हवाई दलात स्टाफ सार्जंट, ओक्लाहोमातल्या टिंकर तळावर ई-३ अवॅक्स या रडारवाल्या टेहळणी विमानांच्या देखभालीत. मी त्याच्या स्क्वॉड्रनची 'की स्पाउस', म्हणजे स्क्वॉड्रन आणि घरच्यांमधला दुवा. पगार नाही, हुद्दा नाही. कमांडर नेमणुकीचं पत्र देतो, सगळ्या घरांचे फोन नंबर हातात येतात आणि त्या दिवसापासून आपला फोन आपला राहत नाही. एरवीचं काम साधंच. कुणाचा नवरा बाहेर पाठवलाय तिची विचारपूस करायची, बाळंतिणीला पाळीपाळीने डबे पोचवायचे, नव्याने बदलून आलेल्यांना दवाखाना दाखवायचा.

मे २०१३ मध्ये ओक्लाहोमा सिटीला लागून असलेल्या मूर गावावर टोर्नेडो आला आणि काम वेगळं झालं. तेव्हा वहीत लिहिलेलं आता टाइप केलंय. कुणाचंही नाव लिहीत नाही. माझ्या यादीत ज्याचा जो ओळ क्रमांक होता तोच इथे.

२० मे २०१३, सोमवार (रात्री उशिरा)

दुपारी २:४० ला मूरसाठी इशारा आला. २:५६ ला न्यूकॅसलजवळ टोर्नेडो जमिनीला टेकला. ३:०१ ला टीव्हीवर 'टोर्नेडो इमर्जन्सी' हे शब्द आले. हे शब्द इथे उगाच कुणी वापरत नाही. मी तळाशेजारच्या मिडवेस्ट सिटीत, घरी, लेकीला घेऊन न्हाणीघरात. टबमध्ये ती, वर गादी, गादीवर मी. फोनवर हेलिकॉप्टरचं चित्रण चालू. ते पाहायला नको होतं.

३:३५ ला विरला. ३९ मिनिटं जमिनीवर होता. मूर ओलांडून पूर्वेला ड्रेपर तलावाच्या रोखाने आला आणि अलीकडेच संपला. तलावाच्या उत्तरेला आमचा तळ.

फोन लागत नव्हते, पण मेसेज जात होते. म्हणून सगळ्यांना एकच ओळ पाठवली : 'कुठे आहात? सगळे आहेत का?' मूर आणि दक्षिण ओक्लाहोमा सिटीत राहणारी आमची ३१ घरं. त्यांचा वेगळा कागद केला. रात्री दहापर्यंत २६ उत्तरं आली. सगळ्यांचा शब्द एकच, 'ठीक'. पाच ओळी कोऱ्या.

हवाई दलाची स्वतःची हजेरी असते. आपत्तीनंतर प्रत्येक कर्मचाऱ्याने संगणकावर किंवा फोनवरून आपली आणि घरच्यांची खबर नोंदवायची. वीज नाही, मोबाइल टॉवर पडलेले, संगणक कुठला? म्हणून फर्स्ट सार्जंट (स्क्वॉड्रनच्या माणसांची काळजी वाहणारा; सगळे त्याला 'शर्ट' म्हणतात, का ते विचारू नका, प्रत्येकजण वेगळी गोष्ट सांगतो) माझा कागद आणि त्याची यादी शेजारी ठेवून मध्यरात्रीपर्यंत टिचक्या मारत बसला.

२१ मे, मंगळवार

पाचपैकी चार ओळी सापडल्या. ओळ ३ आणि ओळ १९ चर्चमधल्या निवाऱ्यात. ओळ २६ मेव्हण्याकडे. ओळ ८ ची बाई तुटलेल्या मनगटानिशी नॉर्मनच्या इस्पितळात. मूरचं इस्पितळ उरलंच नाही, म्हणून जखमींना बाहेर नेलंय. राहिली ओळ २२. तिचा फोन दुपारी आला. घर पडलंय, माणसं सगळी आहेत, मांजर नाही.

हवामान खात्याने आज ईएफ-५ ठरवला. याच्या वर पायरी नाही.

सकाळी बातम्यांत मृतांचा आकडा ५१ होता, त्यात आणखी ४० ची भर पडणार असं सांगत होते. दुपारी आकडा २४ वर आला. गोंधळात काही जण दोनदा मोजले गेले असावेत, असं खुलाशात होतं. लोक रागावले. मला मात्र ज्यांनी मोजलं त्यांची दया आली. माझ्या ३१ ओळींतसुद्धा एक कुटुंब काल दोनदा आलं होतं, एकदा नवऱ्याच्या आडनावाने, एकदा बायकोच्या.

त्या २४ मध्ये प्लाझा टॉवर्स शाळेतली सात मुलं आहेत. ब्रायरवुड शाळाही जमीनदोस्त झाली, तिथे कुणी गेलं नाही. दोन्ही शाळांत भक्कम निवारा नव्हता. याबद्दल आज आणखी लिहिणार नाही.

२२ मे, बुधवार

घरी फोन. आईला समजावताना शब्दच सापडेना. 'वावटळ' म्हटलं तर तिच्या डोळ्यांपुढे अंगणातला पाचोळा येतो, 'चक्रीवादळ' म्हटलं तर समुद्र. शेवटी म्हटलं, मैलभर रुंदीची वावटळ, ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर वाऱ्याचा वेग, आणि वाटेत शाळा. मग ती गप्प झाली.

बाबा फोनवर आले. बाबा लातूर जिल्ह्यात तलाठी होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची. विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे ३:५६ ला जमीन हलली. पुढचे कित्येक महिने बाबा पंचनामे करत होते. मी अभिमानाने सांगितलं, ३१ पैकी ३१ सापडले, २६ ठीक आहेत.

बाबा म्हणाले, "ठीक म्हणजे काय? 'ठीक' हा रकानाच ठेवू नकोस. छप्पर आहे का विचार. रात्री कुठे झोपले ते विचार. चूल पेटली का विचार. माणूस खोटं बोलत नाही गं, पण 'ठीक' म्हणतो."

संध्याकाळी रकाना खोडला. नवे रकाने : छप्पर. आज रात्री कुठे. पाणी-वीज. औषध. गाडी. कागदपत्रं. घरातला माणूस ड्यूटीवर की बाहेर. २६ जणांना परत फोन लावायला सुरुवात.

फौजेतल्या घरांना हे जास्तच लागू आहे. इथे 'आम्ही ठीक, आधी दुसऱ्यांना बघा' हे तोंडपाठ असतं. नवरा सहा-सहा महिने बाहेर असताना फुटलेल्या पाइपपासून पोराच्या तापापर्यंत सगळं एकटीने निभावलेल्या या बायका. मागणं त्यांना जमत नाही. मलाही जमत नाही, हे लिहायला हरकत नाही.

२३ मे, गुरुवार

दुसऱ्या फेरीचा हिशेब : २६ 'ठीक' पैकी चार घरांचं छप्पर अर्धं उडालेलं, दोघांच्या गाड्या गेलेल्या, एकाचं इन्सुलिन संपत आलेलं. औषधाची सोय तळाच्या फार्मसीतून दुपारीच झाली. ओळ ११ म्हणाली, "छप्पर आहे. आम्ही मजेत. पुढच्याला फोन करा."

आज पहिल्यांदा प्रत्यक्ष मूरमध्ये. स्क्वॉड्रनचे अठरा जण आपापल्या सुट्टीत, साध्या कपड्यांत. बरेच जण विचारतात, तळावर हजारो माणसं आहेत, ती सरळ हुकूम देऊन का नाही पाठवत? तर असं आहे. राज्याचं नॅशनल गार्ड राज्यपालांच्या आदेशाने येतं, ते पहिल्याच रात्रीपासून ढिगारे शोधत होतं. आमच्यासारख्या केंद्राच्या तळाच्या कमांडरला जीव वाचवण्यासाठी, स्थानिक अधिकाऱ्यांनी मागितल्यावर, लगेच माणसं आणि यंत्रं देता येतात. पण त्यालाही साधारण ७२ तासांनी पुन्हा विचार करावा लागतो. त्यापुढे लष्कराने गावचा कारभार हातात घ्यायचा नाही, असा इथला कायदा आणि त्याहून जास्त इथला स्वभाव. मग उरतो तो शेजारी म्हणून गेलेला माणूस, हातात स्वतःचं फावडं घेऊन.

कामाचं काय शिकलो :

खिळे. सगळीकडे खिळे. जाड तळाचे बूट असतील तरच आत. दिवसभरात तीन टायर पंक्चर. धनुर्वाताचं इंजेक्शन रांगेत उभं राहून आधीच घेतलेलं.

भिंतींमधला गुलाबी काचतंतूचा कापूस पावसाने भिजून झाडांना, तारांना, कुत्र्यांना चिकटलाय. बाह्या लांब हव्यात, नाहीतर रात्रभर खाज.

फ्रिज उघडायचा नाही. चिकटपट्टीने बंद करून तसाच रस्त्याच्या कडेला. आमच्यातल्या एकाने उत्साहात उघडला. त्याला उरलेला दिवस सगळ्यांनी लांबूनच हाक मारली.

कडेला ढीग वेगवेगळे करायचे : विटा-लाकूड एकीकडे, झाडं दुसरीकडे, फ्रिज-ओव्हन तिसरीकडे, रंगाचे डबे आणि बॅटऱ्या चौथीकडे. मिसळलेला ढीग ट्रकवाले उचलत नाहीत.

घर कुठलं ते ओळखू येत नाही. रस्त्यांच्या पाट्याच गेल्यात. लोकांनी उरलेल्या भिंतीवर किंवा गॅरेजच्या दारावर स्प्रेने घर नंबर आणि विमा पॉलिसीचा नंबर लिहिलाय. शोधपथकांच्या फुल्या (घर तपासून झाल्याची खूण) शेजारी. ओळ १९ च्या घरावर फुली होती, भिंत नव्हती. म्हणजे भिंत आडवी होती आणि तिच्यावर फुली.

ओळ १९ च्या ढिगाऱ्यातून काढलेलं : नवऱ्याचा गणवेशाचा कोट, हँगरसकट, इस्त्री न मोडलेला. त्याच्या शेजारचं कपाट मात्र नाही.

२४ मे, शुक्रवार

ओळ ११ कडे गेले. फोनवर समाधान होईना म्हणून. रस्त्यावरून बघितलं तर खरंच छप्पर होतं, दोन-चार कौलपट्ट्या गेलेल्या. बेल वाजवली, वीज नाही. दार ठोठावलं, कुत्रा भुंकला, पण आवाज गॅरेजमधून आला.

मागची भिंत पायावरून वीतभर सरकली होती. आत जाऊ नका, असं अग्निशमनवाल्यांनी सांगितलेलं. ती दोन मुलांना घेऊन चार रात्री गॅरेजमध्ये, गाडीत झोपत होती. नवरा परदेशातल्या तैनातीवर. त्याला तिने ईमेलने कळवलेलं, 'आम्ही ठीक'.

मी चिडले. नंतर वाईट वाटलं. तिने मला बर्फाच्या पेटीतला थंड सोडा दिला, गाडीच्या बॉनेटवर हातरुमाल अंथरून त्यावर ठेवून. पाहुणचार चुकला नाही.

शर्टला फोन. रेड क्रॉसकडून संदेश पाठवायचं ठरलं. हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तैनातीवरच्या सैनिकाला घरच्या संकटासाठी परत बोलवायचं तर घरच्यांनी किंवा युनिटने रेड क्रॉसला कळवायचं. ते खातरजमा करतात आणि त्यांचा संदेश थेट त्याच्या कमांडरपर्यंत जातो. रजा द्यायची की नाही ते कमांडर ठरवतो, पण खातरजमा झालेला कागद असला की निर्णय सोपा होतो. तिची सही हवी होती. ती म्हणाली, तिथे त्याची गरज असेल. शर्ट म्हणाला, "मॅडम, तो जाण्याआधी तीस वर्षं अवॅक्स उडत होती, पुढेही उडेल." सही झाली.

२५ मे, शनिवार

आज मूरच्या तिन्ही हायस्कुलांचा पदवीदान समारंभ, ओक्लाहोमा सिटीच्या मोठ्या सभागृहात. ओळ २६ ची मुलगी त्यात. झगा-टोपी घरासोबत गेली होती, कुणीतरी दिली.

तळाजवळच्या आमच्या गोदामात कपडे येणं थांबत नाही. चांगले, फाटके, धुतलेले, न धुतलेले, थंडीचे जाड कोट. मेमध्ये, ओक्लाहोमात. एका खोक्यात नुसते डाव्या पायाचे बूट. किल्लारीला रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पावसात कुजत पडले होते, गावातली गुरं त्यावर बसायची. बाबा म्हणायचे, कपडे देणाऱ्याला ते दिल्याचं समाधान मिळतं, घेणाऱ्याला निवडायचं काम मिळतं. आज आठ माणसांचा अख्खा दिवस निवडण्यात गेला. त्याच आठ जणांनी ओळ ३ चं छप्पर ताडपत्रीने झाकलं असतं.

पाटी लावली : कपडे नकोत. हवेत : ताडपत्री, झाकणाचे प्लास्टिकचे डबे, कामाचे हातमोजे, पेट्रोलची कार्डं, धुण्याच्या दुकानात चालणारी नाणी.

नाण्यांचं सुचवलं ओळ ११ ने. ती आज 'मदतीला' आली होती. मदत घ्यायला नव्हे, करायला. नऊ तास कपडे निवडले.

२७ मे, सोमवार (मेमोरियल डे)

काल राष्ट्राध्यक्ष ओबामा येऊन गेले. वाहतूक बंद, काम अर्धा दिवस. आज सुट्टी, पण कचेऱ्यांतली काही माणसं आपणहून आली.

ओळ ११ चा नवरा आज पहाटे पोचला. थकलेला, पोचल्या-पोचल्या भिंत बघायला गेला.

ओळ २२ चा कागदांचा गुंता. तिचं ओळखपत्र ढिगाऱ्यात गेलं. ते नसेल तर तळाच्या फाटकातून आत नाही. आत नाही तर दवाखाना नाही, स्वस्त किराणा नाही. नवं काढायचं तर अर्जावर नवऱ्याची सही लागते. तो प्रशिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात. त्याच्या जागी ती सही करू शकते, पण त्यासाठी मुखत्यारपत्र दाखवावं लागतं. मुखत्यारपत्र ढिगाऱ्यात. तिला फाटकावरून सोबत करून आत नेलं, कायदा कचेरीने नवऱ्याकडून फॅक्सने नवं मुखत्यारपत्र मागवलं, मग अर्ज, मग फोटो. सहा तास. फोटोत ती हसली, म्हणाली, आठवड्यात पहिल्यांदा केस विंचरलेत.

यादीत नवा रकाना : मुखत्यारपत्राची प्रत घराबाहेर कुठे ठेवलीय?

३१ मे, शुक्रवार

पुन्हा. या वेळी एल रीनो, शहराच्या पश्चिमेला. नंतर कळलं, २.६ मैल रुंद होता, इतका रुंद आजवर नोंदला गेलेला नाही. आठ जण गेले, त्यात वादळांचा अभ्यास करणारे टिम सॅमारस, त्यांचा मुलगा आणि सहकारी.

मूर पाहिलेले लोक घरात थांबायला तयार नव्हते. सगळे गाड्या काढून दक्षिणेला पळाले आणि महामार्ग तुंबले. माझ्या यादीतली सात घरं त्या रांगेत अडकली होती, वर पाऊस, मागे टोर्नेडो. मी प्रत्येकाला मेसेज करत होते : गाडी सोडा, पक्की इमारत शोधा. ओळ ३ ने उत्तर दिलं, 'गेल्या वेळी इमारतीतच होतो.' यावर काय लिहायचं? लिहिलं नाही. ते वाचले.

घरोघरी तळघरं का नाहीत, हे पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं. इथली लाल चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंतींना रेटते. जमिनीखाली पाणीही फार खोल नाही. बांधणं महाग, म्हणून बांधत नाहीत. गॅरेजच्या फरशीत बसवायचा पोलादी निवारा मिळतो, पण तो काही हजार डॉलर. विशीतल्या भाडेकरू सैनिकाला ते कुठून?

७ जून

पंचनाम्याचे दिवस. विमा कंपनीला घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी लागते : काय होतं, कधी घेतलं, किती किमतीचं. पडलेल्या घरासमोर खुर्ची टाकून आठवायचं. आम्ही युक्ती काढली. खोलीच्या दारात उभे आहोत असं समजून उजवीकडून डावीकडे बोलत जायचं, दुसऱ्याने लिहायचं. ओळ ८ च्या स्वयंपाकघरात ११४ वस्तू निघाल्या. तिने स्वतः आधी ३० लिहिल्या होत्या. तरुण सैनिकांपैकी कित्येकांनी भाडेकरूंचा विमाच घेतला नव्हता, त्यांच्यासाठी यादीचा उपयोग फक्त रडायला.

एअर फोर्स एड सोसायटीकडून मदत मिळते. १९४२ पासूनची संस्था आहे. अनुदानही देते, बिनव्याजी कर्जही. ओळ ११ ला अनुदान मंजूर होत होतं. नको म्हणाली. कर्ज म्हटल्यावर लगेच सही केली. अधिकारी माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.

८ जुलै

आजपासून संरक्षण खात्याच्या नागरी कर्मचाऱ्यांना बिनपगारी सक्तीची सुट्टी, आठवड्याला एक दिवस. घोषणा टोर्नेडोच्या सहाच दिवस आधी झाली होती. टिंकरवर बहुसंख्य माणसं नागरीच आहेत. ज्याचं घर गेलं त्याचा पगारही कापला. स्वयंसेवक मात्र वाढले. सुट्टीच्या दिवशी येऊ लागले.

नवऱ्याने आज एक गोष्ट सांगितली, नोंदवून ठेवते. २० मार्च १९४८ ला याच तळावर कुठल्याही इशाऱ्याशिवाय टोर्नेडो आला, विमानांचा चुराडा झाला. तळाच्या जनरलने आपल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना, मेजर फॉबुश आणि कॅप्टन मिलर यांना, विचारलं, याचा अंदाज बांधता येईल का? त्या काळी अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्दही वापरत नसत, लोक घाबरतील म्हणून. दोघांनी जुने नकाशे काढले. पाचव्या दिवशी, २५ मार्चला, तसेच ढग-वारे दिसले. त्यांनी धास्तावत इशारा दिला. विमानं हलवली गेली. संध्याकाळी टोर्नेडो त्याच तळावर आला. यशस्वी ठरलेला पहिला टोर्नेडो-अंदाज तो. २० मे ला मूरच्या लोकांना टेकण्याआधी मिळालेली सोळा मिनिटं तिथून सुरू होतात.

मार्च २०१४

मूरच्या नगर परिषदेने घरबांधणीचे नियम कडक केले. नवी घरं ताशी १३५ मैल वाऱ्याला टिकली पाहिजेत. छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला पोलादी पट्ट्यांनी जखडायची, गॅरेजचं दार जाड. ईएफ-५ पुढे हेही टिकणार नाही. पण टोर्नेडोच्या मधल्या पट्ट्यापासून जरा लांब, कडेला असलेली घरं वाचतील. ओळ ११ चं घर कडेलाच होतं.

आमच्या बदलीचा हुकूम आलाय, जूनमध्ये निघायचं. यादी पुढच्या की स्पाउसकडे. तिच्यासाठी :

ओळ ३. पाऊस आला की मेसेज करा, कामाचं काही नसलं तरी.

ओळ ८. मनगट बरं आहे. विमा कंपनीशी वाद चालू, तिसरी तक्रार. कागद माझ्या निळ्या फाइलमध्ये, क्रमाने लावलेत.

ओळ १९. बदली होऊन गेले. खोडू नका, पत्ता लिहा.

ओळ २२. मांजर नवीन आहे, जुन्याचा विषय काढू नका.

ओळ ११. फोन करू नका, घरी जा. सकाळी दहाच्या आधी, नंतर ती कामावर असते. 'काही हवं का' असं विचारू नका, 'मला एका कामात माणूस हवाय' असं म्हणा. बोलता बोलता मागच्या भिंतीकडे नजर टाका. कर्जाचे अजून पाच हप्ते राहिलेत, ते वेळेवर भरते. कुत्रा नुसता भुंकतो.